तीन नंबरची प्रेस

शेडमधला आवाज एकाएकी थांबला, तेव्हा शालिकराम मेंटेनन्सच्या खोलीत एका मोटरचं बेअरिंग काढत बसला होता. हिंगण्याच्या एमआयडीसीतला तो कारखाना तेलाचे पत्र्याचे डबे बनवायचा. सकाळी आठला पत्र्याचा खणखणाट सुरू झाला की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. अठरा वर्षं त्या आवाजात काढल्यावर शालिकरामचा एक हिशेब पक्का झाला होता. आवाज थोडा कमी झाला तर एखादी मशीन बसली. सगळाच थांबला तर माणसाला काहीतरी झालं. हातातलं हत्यार तसंच टाकून तो धावला.

तीन नंबरच्या प्रेसभोवती घोळका जमला होता. घोळक्याच्या मध्ये पंचफुला उभी होती आणि म्हाताऱ्या प्रयागबाईनं तिला मागून कमरेशी धरून ठेवलं होतं. पंचफुलाचा डावा हात मनगटापर्यंत प्रेसच्या आत होता आणि वरचा लोखंडी ठोकळा बोटांवर टेकलेला होता. ती रडत नव्हती, ओरडतही नव्हती. फक्त ओठांतलं रक्त उतरलं होतं. शालिकराम दिसताच ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, हा खाली येऊन राहिला. थांबला नाही हा."

ही प्रेस डब्याला बूड बसवायची. तीन क्विंटलचा ठोकळा हवेच्या दाबानं खालीवर व्हायचा आणि ती हवा इकडून तिकडं वळवायचं काम प्रेसच्या बाजूला बसवलेला वीतभर लांबीचा एक व्हॉल्व्ह करायचा. कामगारानं पायानं पेडल दाबलं की व्हॉल्व्हच्या टोकाची सोलेनॉइड कॉइल लोहचुंबक व्हायची, आतली पोलादी दांडी ओढली जायची, हवा वरून शिरून ठोकळा खाली यायचा. पाय उचलला की कॉइल सुटायची, स्प्रिंग दांडीला मागं ढकलायची, हवा खालून शिरायची आणि ठोकळा वर जायचा. दिवसातून दोन-अडीच हजार वेळा हे व्हायचं.

आज पंचफुलानं पाय उचलला आणि ठोकळा चार बोटं वर जाऊन थबकला. साच्यात डबा अडकला होता. ठोकळा थांबलेला बघून तिनं डबा काढायला हात घातला. तेवढ्यात तो कसलाही आवाज न करता खाली उतरू लागला. तिचं लक्ष गेलं तेव्हा तीन बोटं डब्याच्या काठात आणि ठोकळ्यात सापडली होती. पत्र्याचा काठ अजून थोडा तग धरून होता, म्हणून हात अजून हात होता.

शालिकराम व्हॉल्व्हपाशी वाकला. हवा बाहेर पडायच्या भोकांजवळ त्यानं तळहात नेला. एका भोकातून थंड हवेची बारीक धार येत होती. म्हणजे दांडी पूर्ण मागं न जाता मधेच कुठंतरी अडकली होती, आणि ठोकळ्याला खालून पेलून धरणारी हवाच गळत होती. त्यानं खिशातला खडू काढून ठोकळ्याच्या उभ्या दांड्यावर बारीक रेघ ओढली आणि कुणीतरी जाऊन या प्रेसचा फ्यूज काढून आणा म्हणून सांगितलं. फ्यूज हातात येईपर्यंत ती रेघ सुताएवढी खाली सरकली होती.

इतक्यात फोरमन मार्तंडराव घोळक्यातून पुढं आले. पंचावन्नाच्या पुढचा, पांढऱ्या बुशशर्टातला माणूस. कामात कडक, पण वाईट नव्हता. त्यांच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. व्हॉल्व्हच्या टोकाशी एक लहानशी पितळी कळ असते. वीज नसली तरी ती हातानं दाबून व्हॉल्व्ह चालवता येतो. मार्तंडरावांना तेवढं माहीत होतं. कळ दाबली की अडकलेली दांडी हलेल आणि ठोकळा सुटेल, या विचारानं त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक कळीवर टेकवलं.

शालिकरामनं त्यांचं मनगट पकडलं. अठरा वर्षांत त्यानं फोरमनला कधी हात लावला नव्हता.

"साहेब, कळ कॉइलचंच काम करते," तो म्हणाला. "दाबली का सहा किलो दाबाची हवा वरून येईन. हात राहणार नाही."

मार्तंडरावांचा चेहरा उतरला. स्क्रूड्रायव्हर त्यांनी मागं घेतला. मग निदान कॉम्प्रेसर तरी बंद करा, असं ते म्हणाले. शालिकरामनं त्यालाही नकारार्थी मान हलवली. खालची हवा गळत असली तरी लाइनमधून थोडी थोडी भरून निघत होती, म्हणून ठोकळा सुतासुतानं उतरत होता. लाइन तोडली की तीन क्विंटल लोखंड एकदम बसणार. त्याला आधी खालून टेकू हवा होता. हवेचं नंतर बघता आलं असतं.

त्यानं मागितलं ते सगळं दोन मिनिटांत आलं: लोखंडी पट्ट्या, पॅकिंगच्या खोक्यांखालचे बाभळीचे ठोकळे, आणि माल भरायला दारात उभ्या असलेल्या ट्रकचा जॅक. पट्ट्या साच्याच्या दोन्ही बाजूंना एकावर एक रचत त्यानं वरची फट भरत आणली. शेवटी दोन्ही बाजूंना अर्ध्या बोटाची फट उरली. तिच्यात पाचर घालून हातोडीनं ठोकायची होती. पण ठोक जोरात बसला तर त्या हादऱ्यानं व्हॉल्व्हमधली दांडी सुटली असती, आणि ती वरच्या बाजूला सुटेल का खालच्या, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. त्यानं हातोडी ठेवून दिली आणि एकेक पाचर दोन्ही अंगठ्यांनी दाबत, लाकडाच्या ठोकळ्यानं हलके रेटत आत सरकवली. घाम डोळ्यांत उतरत होता. एप्रिलच्या उन्हात पत्र्याची शेड भट्टीसारखी तापली होती, पण पंचफुलाच्या अंगाला मात्र कापरं भरलं होतं. प्रयागबाई तिच्या कानाशी सारखं काहीतरी पुटपुटत होती.

"आता हवा सोडतो," शालिकराम म्हणाला. "ठोकळा एक डाव बसन. केसभर. दात आवळून धर वं बाई."

त्यानं मुख्य कॉक बंद केला आणि वरच्या नळीचं नट पान्यानं सैल केलं. हवा फुत्कारत बाहेर पडली. ठोकळा पाचरींवर बसला, बाभळीचं लाकूड कुरकुरलं, आणि पंचफुलाच्या तोंडून पहिल्यांदा आवाज निघाला. तो आवाज शालिकरामला पुढं कित्येक महिने कधीही ऐकू यायचा. पण पाचरी टिकल्या. त्यानं जॅक लावला. जॅकचा दांडा फिरवला तसा ठोकळा तिरपा होऊन बाजूच्या खांबांत करकचू लागला, तेव्हा मार्तंडरावांनीच दुसऱ्या बाजूला पहार घालून सगळं अंग तिच्यावर टाकलं. एक बोट फट झाली. प्रयागबाईनं हात बाहेर ओढून घेतला आणि पदरात गुंडाळला.

करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची पेरं चेंगरली होती. ट्रकवाल्यानं माल तसाच ठेवला आणि तिला पुढं बसवून मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याकडं गाडी काढली.

जेवणाच्या सुट्टीत कुणी नीट जेवलं नाही. शालिकराम डबा न उघडता मेंटेनन्सच्या खोलीत गेला आणि तीन नंबरचा व्हॉल्व्ह बाकावर घेऊन बसला. आधी कॉइल तपासली. ती ठीक होती, तारा जळाल्या नव्हत्या. स्प्रिंग ताठ होती. मग झाकण काढून त्यानं दांडी बाहेर ओढली. ती बोटानं निघायला हवी होती, पकडीनं ओढावी लागली. दांडीवरच्या खाचांत रबराच्या पाच रिंगा असतात, हवा इकडची तिकडं जाऊ नये म्हणून. त्यातल्या तीन रिंगा खाचेबाहेर फुगून आल्या होत्या. एकीची कड कुरतडली गेली होती. नखानं दाबली तर भिजल्या चामड्यासारखी मऊ लागली.

या रिंगा त्यानंच शनिवारी घातल्या होत्या.

शनिवारी सकाळी याच व्हॉल्व्हमधून हवा फुसफुसू लागली होती. जुन्या रिंगा झिजल्या होत्या आणि नव्या स्टोअरमध्ये नव्हत्या. त्या पुण्याहून यायच्या, पत्र पाठवून महिना झाला होता. मार्तंडराव म्हणाले होते, बाजारातून आण, काहीही कर, पण संध्याकाळपर्यंत प्रेस चालली पाहिजे. शालिकराम सायकल काढून इतवारीच्या बाजारात गेला. स्टोव्हचे नि पंपांचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात मापाला तंतोतंत रिंगा मिळाल्या. तेलात चालतील का, असं त्यानं विचारलंही. दुकानदारानं सगळं रबर एकच, म्हणून सांगितलं. सगळं रबर एकच नसतं, हे शालिकरामला ठाऊक होतं. हवेच्या लाइनमध्ये वंगणासाठी तेलाचा फवारा मिसळलेला असतो, आणि साधं रबर तेल पिऊन फुगतं. रिंग चिमटीत दाबून पाहताना मनात पाल चुकचुकली होती. पण मापं जुळत होती, घड्याळ पुढं सरकत होतं. त्यानं रिंगा घातल्या, पन्नास वेळा प्रेस चालवून पाहिली. मक्खन चालली. शनिवारचा अर्धा दिवस आणि आजची सकाळ, एवढ्यात रबरानं तेल पिऊन घेतलं होतं.

पुडीतली एक रिंग ड्रॉवरमध्ये उरली होती. ती त्यानं दांडीवरच्या रिंगेशेजारी धरली. फरक आंधळ्यालाही कळला असता.

मार्तंडराव दारात येऊन उभे होते. ते कधी आले, हे त्याला कळलं नाही. त्यांनी बाकावरच्या रिंगा बघितल्या आणि आत येऊन दार लोटलं. साहेब रिपोर्ट लिहून राहिले आहेत, असं त्यांनी सांगितलं. साहेब म्हणजे मॅनेजर कृष्णकांत. ठोकळा पूर्ण वर जायच्या आत बाईनं हात घातला, हे खरंच होतं, दहा जणांनी पाहिलं होतं. रिपोर्टात तेवढंच जाणार होतं.

"तुह्या पोरीचं लग्न आहे दिवाळीनंतर," ते म्हणाले. "मलाही दोन वर्षं उरली. व्हॉल्व्ह धुऊन ठेव, शालिकराम. रिंगा फेकून दे."

"मग बाईले काढतीन, साहेब. निष्काळजी म्हणून."

बाहेर सुट्टी संपल्याचा भोंगा झाला आणि शेडमध्ये एकेक मशीन सुरू होऊ लागली. शालिकराम खाली मान घालून बसला होता. त्याच्या डोक्यात पोरीचं लग्न होतं, सक्करदऱ्यातली भाड्याची खोली होती, आणि पदरात गुंडाळलेला तो हात होता. हो म्हणावं, असं त्याला एका क्षणी अगदी वाटलं. खोटं सांगायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. त्यानं रिंगांची पुडी हातात घेतली. पुडीवर दुकानदारानं पेन्सिलीनं आकडा लिहिला होता: बारा.

पाच रिंगा तीन नंबरमध्ये गेल्या होत्या. एक उरली होती. शनिवारी संध्याकाळी, हात लागलाच आहे तर म्हणून, त्यानं पाच नंबरच्या प्रेसच्याही पाचही रिंगा बदलल्या होत्या. आणि एक बसवताना कापली गेली होती.

बाहेर पाच नंबर चालू होती. त्यानं कान दिला. ठोकळा खाली आदळल्याचा ठक्क आवाज, आणि त्याच्या पाठोपाठ हवा सुटल्याची फिस्स. एरवी हे दोन आवाज जोडून यायचे. आता त्यांच्यामध्ये श्वासाएवढी जागा पडत होती. ठक्क. मग फिस्स. पुढच्या वेळी ती जागा आणखी थोडी वाढली.

"पाचवर कोण आहे?" त्यानं विचारलं.

मार्तंडराव म्हणाले, प्रयागबाई. ऑर्डर उद्याची होती, साहेबांनी तीनचंही काम पाचवर टाकलं होतं.

शालिकरामनं त्यांना बाजूला सारलं आणि तो पळत सुटला. मशीनच्या आवाजात ओरडून उपयोग नव्हता. पत्र्याच्या थप्प्या ओलांडताना त्याच्या पोटरीला कड लागली, ते त्याला संध्याकाळी कळलं. प्रयागबाईनं पेडलवरून पाय उचलला होता, ठोकळा वर जायला लागला होता, आणि सवयीनं तिचा हात डब्याकडं निघाला होता. शालिकरामनं पाठीमागून तिचे दोन्ही खांदे धरून तिला मागं खेचलं. दोघंही डब्यांच्या ढिगावर कोसळली. ठोकळा सहा बोटं वर जाऊन थबकला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कुणीही पेडलला न शिवता, हळूहळू खाली उतरू लागला. साच्यातला डबा करकरत चपटा होत गेला.

म्हातारी ढिगावर बसूनच ते बघत राहिली.

शालिकराम उठला, पाच नंबरचा फ्यूज काढला आणि खिशात टाकला. शेड पुन्हा थांबली होती. मॅनेजर कृष्णकांत ऑफिसातून बाहेर आले. हिशेबी, तरुण माणूस, उद्याच्या ऑर्डरच्या काळजीनं आधीच त्रासलेला. त्यांनी फ्यूज मागितला. शालिकरामनं दिला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं सांगितलं की शनिवारी या दोन प्रेसच्या व्हॉल्व्हमध्ये त्यानं चुकीच्या रबराच्या रिंगा घातल्या, बाईची काही चूक नाही, आणि बरोबर रिंगा येईपर्यंत या दोन्ही प्रेस चालणार नाहीत. कृष्णकांतांनी विचारलं की बाजारातून आणायला कुणी सांगितलं. शालिकरामनं मार्तंडरावांकडं पाहिलं नाही.

"आणाले सांगतलं होतं," तो म्हणाला. "पण ह्याच घाल, असं कोणी नाही सांगतलं. मले शंका आली होती. तरी मी घातल्या."

तेच त्यानं कागदावर लिहून सही केली. त्याच दिवशी त्याला सस्पेंड केलं आणि चौकशी लागली. घरी जाऊन त्यानं बायकोला, प्रेमिलाला सगळं सांगितलं. ती म्हणाली की त्या बाईकडं आधी जाऊन या.

तो तीन दिवस गेला नाही. चौथ्या दिवशी सकाळी सायकल काढून हुडकेश्वरला गेला. तेव्हा ते शेतांच्या मधलं खेडंच होतं. पंचफुला ओसरीवर बसली होती. डॉक्टरांनी करंगळी पूर्ण आणि दुसऱ्या बोटाची दोन पेरं काढली होती. तिनं त्याला बसायला सांगितलं. हात वाचवला म्हणून घरचे त्याचे आभार मानू लागले, तेव्हा शालिकरामला ते ऐकवेना. त्यानं रिंगेची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. दुकान सांगितलं, दुकानदाराला विचारलेला प्रश्न सांगितला, चिमटीत दाबून पाहिलेलं रबरही सांगितलं. तिचा नवरा उठून गोठ्याकडं निघून गेला. पंचफुला मात्र शालिकरामकडं बघत राहिली. तिनं फक्त प्रयागबाई कशी आहे एवढंच विचारलं.

चौकशी पंधरा दिवसांनी झाली. पंचफुलाला जबाबाला बोलावलं होतं. ती पदराखाली हात झाकून आली. कृष्णकांतांनी तिला विचारलं की शालिकरामविरुद्ध तुझी काही तक्रार आहे का.

"आहे," ती म्हणाली. "यायले शनिवारीच शंका आली होती. सोमवारी सकाळी मी मशीनवर आली, तं हे बाजूनंच गेले. मले एक शब्द सांगतला असता का बाई, जपून, नवीन रिंग टाकली आहे, तं मी जपली असती. मशीन तं मीच चालवून राहिली होती नं."

शालिकरामच्या मनात हे कधी आलंच नव्हतं. आपण रिंग चुकलो, एवढंच तो पंधरा दिवस उगाळत बसला होता.

कृष्णकांतांनी विचारलं, मग याला काढावं असं तुझं म्हणणं आहे का. ती म्हणाली की काढून काय होणार, बोट काही परत येत नाही, आणि नवा माणूस आला तर त्याला यातलं काहीच माहीत नसणार. पण पेडल काढा, असं ती म्हणाली. दोन्ही हात लावल्याबिगर चालणार नाही, अशी काहीतरी सोय करा.

मार्तंडराव खोलीच्या कोपऱ्यात बसले होते. आता त्यांनी बाजारातून रिंगा आणायला आपणच सांगितलं होतं, संध्याकाळपर्यंतची मुदतही आपणच घातली होती, असं नोंदवून घ्यायला सांगितलं. नंतर त्या रिंगा फेकून द्यायला सांगितल्याचं मात्र ते बोलले नाहीत. शालिकरामनंही तो विषय काढला नाही.

शालिकरामची नोकरी राहिली, बढती गेली. मार्तंडराव निवृत्त होईपर्यंत त्याच्याशी कामापुरतंच बोलले. पुण्याच्या रिंगा जूनमध्ये आल्या. तोवर दोन्ही प्रेस झाकून ठेवलेल्या होत्या आणि ऑर्डर हातची गेली होती. पेडल काढून प्रत्येक प्रेसला हातभर अंतरावर, दोन्ही हातांनी दाबायची दोन बटणं बसवायला मात्र पुढचं वर्ष उजाडलं, तेही फॅक्टरी इन्स्पेक्टरनं दोनदा लिहिल्यावर. पंचफुला पावसाळ्यानंतर कामावर परत आली. प्रेसवर जायला तिनं साफ नकार दिला आणि पॅकिंगमध्ये बसली. शालिकरामशी ती ना गोड बोलायची ना कडू, कामाचं असेल ते बोलायची.

व्हॉल्व्ह दुरुस्त करून बसवला की शालिकराम हत्यारं आवरून निघून जायचा, ही त्याची जुनी सवय मोडली. आता तो मशीनवरच्या माणसासमोर व्हॉल्व्ह उघडायचा, काय झिजलं होतं ते त्याच्या तळहातावर ठेवायचा, काय नवीन घातलं ते सांगायचा, आणि पहिले शंभर ठोके स्वतः चालवून मगच त्याला जागा द्यायचा. काही जण कंटाळायचे. आम्हाला काय करायचं आहे हे जाणून, असं म्हणायचे. तो त्यांचं ऐकून घ्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागायचा.